एआय कोड लिहितं, मग उमेदवारी कुणी करायची?

प्रश्न असा आहे: एआय आता सांगाल तो कोड लिहून देतं, मग प्रोग्रामिंग शिकण्यात तीन-चार वर्षं घालवायची कशाला? शिकून नोकरीच मिळणार नसेल तर पदवी घेऊन करायचं काय? आणि शिकायचंच ठरवलं, तर शिकताना एआय वापरावं की लांब ठेवावं?

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. शिका. पहिली दीड-दोन वर्षं बहुतेक काम स्वतःच्या हातानं करा. आणि ‘नोकऱ्या संपणार का’ यापेक्षा ‘पहिली नोकरी देणार कोण’ याची धास्ती जास्त बाळगा. मी सव्वीस वर्षं सॉफ्टवेअर लिहितोय, त्यातली शेवटची दहाएक वर्षं नव्या मुलामुलींचा कोड तपासण्यात आणि त्यांना शिकवण्यात गेली. एआय रोज वापरतो, आज सकाळपासून दोनदा वापरून झालंय. तेव्हा पुढचं सगळं भक्ताचंही नाही आणि विरोधकाचंही नाही.

‘आता प्रोग्रामर लागणार नाहीत’ ही हाकाटी माझ्या जन्माच्या आधीपासूनची आहे. 1952 मध्ये अमेरिकी संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांनी ए-झिरो नावाचा कंपायलर तयार केला. कंपायलर म्हणजे माणसानं लिहिलेला कोड यंत्राच्या सूचनांत बदलून देणारा प्रोग्राम. 1957 मध्ये आयबीएममधल्या जॉन बॅकस यांच्या गटाची फोरट्रान भाषा बाहेर आली. त्या काळात या सगळ्या प्रकाराला ‘ऑटोमॅटिक प्रोग्रामिंग’च म्हणत. यंत्राच्या सूचना एकेक करून लिहायच्या ऐवजी गणितातल्या सूत्रासारखी एक ओळ लिहायची, बाकीचं कंपायलर बघेल. प्रोग्रामर त्यानं कमी झाले नाहीत, कित्येक पटींनी वाढले, कारण सॉफ्टवेअर स्वस्त झाल्यावर ते कुठे कुठे वापरायचं याला सुमारच राहिला नाही. अर्थशास्त्रज्ञ विल्यम जेव्हन्स यांनी 1865 मध्ये कोळशाबद्दल हेच लिहून ठेवलं होतं: इंजिनं काटकसरी झाली की कोळसा कमी नाही, जास्त जळतो.

निर्धास्त मंडळी इथेच थांबतात. मला थांबता येत नाही. कंपायलरनं आत काय बनवलं हे मी सव्वीस वर्षांत मोजून चार-पाच वेळा उघडून पाहिलं असेल. पाहायची गरजच पडत नाही. तो ठरल्याप्रमाणेच भाषांतर करतो आणि चुकलाच तर त्याची चर्चा होते. एआयनं लिहिलेला कोड मात्र दर वेळी वाचावा लागतो. कंपायलरमुळे आम्ही एक पायरी वर चढलो, खालची विसरलो तरी चाललं. इथे वर तर चढायचं, पण नजर खालीच ठेवायची. आणि ती नजर खाली काम केल्याशिवाय येत नाही, अडचण आहे ती एवढीच.

जवळून दाखवतो. मागच्या वर्षी एका शिकाऊ मुलानं पैसे पाठवण्याचा कोड तपासायला आणला. एआयकडून लिहून घेतलेला. देखणा होता, खोटं कशाला बोलू: नावं नीट, फंक्शन छोटी, टेस्ट सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. त्यात एक भाग असा होता की सर्व्हरकडून दहा सेकंदांत उत्तर आलं नाही तर टाइमआउट धरायचा आणि तीच विनंती पुन्हा पाठवायची, असे एकूण जास्तीत जास्त तीन प्रयत्न. मी विचारलं, “टाइमआउट झाला म्हणजे नेमकं काय झालं?”

“पैसे गेले नाहीत, सर.”

“कशावरून?”

तो स्क्रीनकडे बघत राहिला. टाइमआउटचा अर्थ एवढाच की उत्तर आलं नाही. विनंती वाटेत हरवली असेल. सर्व्हर हळू चालत असेल. किंवा सर्व्हरनं पैसे वळते करून टाकले असतील आणि ‘झालं’ हा निरोपच परत येताना हरवला असेल. असं झालं असेल आणि आपण विनंती पुन्हा पाठवली, तर पैसे दोनदा कापले जातात. उपाय जुना आणि साधा आहे. प्रत्येक व्यवहाराला आपल्याच बाजूनं एक क्रमांक द्यायचा, तो विनंतीबरोबर पाठवायचा, आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरनं नवा व्यवहार न करता आधीचंच उत्तर परत द्यायचं. आमच्यात याला आयडेंपोटन्सी की म्हणतात. गंमत म्हणजे एआयला हे सगळं ठाऊक आहे. ‘दोनदा पैसे कापले जाऊ नयेत म्हणून काय करू?’ असं विचारलं की ते व्यवस्थित समजावून सांगतं. पण विचारायला आधी शंका यावी लागते.

मला ती येते, मी फार हुशार आहे म्हणून नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी हाच घोळ घातला होता. एका रात्रीत काही हजार नोंदी दुबार पडल्या. मी आणि माझे सीनिअर दोन याद्या समोरासमोर ठेवून उजाडेपर्यंत एकेक दुबार नोंद काढत बसलो. ते ओरडले नाहीत. पहाटे एवढंच म्हणाले, “आता हे तू विसरणार नाहीस.” ती रात्र कंपनीच्या खर्चानं झाली, आणि मला त्या महिन्याचा पगारही पूर्ण मिळाला.

मराठीत याला नेमका शब्द आहे: उमेदवारी. अमक्या वकिलाकडे, तमक्या कारागिराकडे दोन वर्षं उमेदवारी केली, असं म्हणायची पद्धत होती. आता तो शब्द निवडणुकीपुरताच उरल्यासारखा झालाय, पण मला तो इथे परत हवाय, कारण ‘ट्रेनिंग’ म्हटलं की डोळ्यासमोर वर्ग आणि स्लाइड येतात. उमेदवारीत शिकवणी वेगळी नसते. खरं काम करता करता, खऱ्या चुका करत आणि कुणाच्या तरी नजरेखाली माणूस तयार होतो. म्हणजे ज्युनिअरच्या कामातून दोन गोष्टी बाहेर पडत होत्या: एक ते काम, आणि दुसरा पाच वर्षांनंतरचा सीनिअर. पहिल्या गोष्टीचे पैसे मिळत, दुसरी त्यात फुकट पडायची. एआयनं पहिलीची किंमत पाडली. दुसरीचे पैसे वेगळे काढून द्यायची तयारी मला फारशी कुणाची दिसत नाही.

यामागचं अर्थशास्त्र नवं नाही. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी 1964 मध्येच मांडलं होतं की कुठल्याही कंपनीत चालेल असं कौशल्य शिकवायचा खर्च कंपनी स्वतः सोसत नाही, कारण शिकलेला माणूस उद्या शेजारच्या कंपनीत जाऊ शकतो. तो खर्च शिकणारा माणूसच भरतो, सुरुवातीची वर्षं कमी पगारावर काढून. ही देवाणघेवाण आजवर चालली, कारण नवख्याच्या कामालाही थोडीफार किंमत होती. तेच काम एआय काही मिनिटांत करू लागलं की कमी पगारसुद्धा कंपनीला जास्त वाटायला लागतो. नवख्यानं पगार आणखी कमी घ्यावा, असं कुणी म्हणेल. किती कमी? शून्यावर आलं की उमेदवारी फक्त घरून पैसे आणू शकणाऱ्यांनाच परवडेल.

आकडे काय सांगतात? ऑगस्ट 2025 मध्ये स्टॅनफर्डचे अर्थशास्त्रज्ञ एरिक ब्रिन्योल्फसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पगारपत्रकांच्या नोंदी तपासून एक निबंध प्रसिद्ध केला. एआयची झळ सर्वांत जास्त बसू शकेल अशा व्यवसायांत 22 ते 25 वयोगटातल्यांचा रोजगार इतरांच्या तुलनेत 13 टक्क्यांनी घटला; त्याच व्यवसायांतल्या वयानं मोठ्या लोकांचा मात्र टिकला किंवा वाढला. त्याच काळात व्याजदर चढले होते आणि कंपन्यांनी आधी भरमसाट भरती करून ठेवली होती, त्यामुळे सगळं खापर एआयवर फोडू नका, असा आक्षेप घेतला जातो. आक्षेप रास्त आहे. पण एकाच व्यवसायात मोठे टिकले आणि छोटे गळाले हे नुसत्या व्याजदरानं समजावून सांगणं अवघड आहे, आणि मी भरतीच्या बैठकांमध्ये बसतो तिथेही हेच ऐकू येतं: “दोन सीनिअर घेऊ, ज्युनिअरचं काम एआय करेल.”

यावर लगेच समोर येतो तो 2023 चा अभ्यास, योगायोगानं ब्रिन्योल्फसन यांचाच. ग्राहकसेवेतल्या 5,179 कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या, तर एआयची मदत मिळालेल्यांचं काम सरासरी 14 टक्क्यांनी वाढलं; नवख्यांचं 34 टक्क्यांनी, मुरलेल्यांचं जवळपास नाहीच. म्हणजे एआय तर नवख्यांचंच भलं करतं! त्या कामापुरतं खरं आहे. पण ते काम कसलं होतं ते बघा. प्रश्न पुन्हा पुन्हा तेच येतात, उत्तर चुकलं तर समोरचा ग्राहक तिथल्या तिथे सांगतो, आणि ते एआय त्याच कंपनीतल्या उत्तम कर्मचाऱ्यांच्या संभाषणांवर घडवलेलं होतं. कोडचं तसं नसतं. दुबार कापलेल्या पैशांची ओरड तीन आठवड्यांनी येते, आणि तोवर तो कोड आणखी चार ठिकाणी वापरून झालेला असतो.

मुरलेल्यांनीही छाती फुगवायचं कारण नाही. 2025 च्या पूर्वार्धात एमईटीआर या एआयच्या क्षमता तपासणाऱ्या संस्थेनं 16 अनुभवी प्रोग्रामरना त्यांच्याच ओळखीच्या प्रकल्पांतली 246 कामं दिली. काही एआय वापरून करायची, काही न वापरता. एआय वापरताना त्यांना 19 टक्के जास्त वेळ लागला. त्या वेळची साधनं आता जुनी झाली, त्यामुळे 19 या आकड्याला मी चिकटून बसत नाही. माझ्या लक्षात राहिलंय ते दुसरंच: काम संपल्यावरही या लोकांना वाटत होतं की आपण 20 टक्के लवकर उरकलं. मीही त्यांच्याच जातकुळीतला, मलाही तसंच वाटलं असतं.

देशांची उत्पादकता किती वाढेल या वादात मी पडत नाही. त्यात अर्थशास्त्रज्ञ डेरॉन असेमोग्लू दहा वर्षांत जेमतेम 0.66 टक्के म्हणतात, तर दुसऱ्या टोकाला उधळलेले आशावादी आहेत. मात्र त्या वादातली एक जुनी गोष्ट मला शिक्षणाच्या संदर्भात फार उपयोगी वाटते. पॉल डेव्हिड या अर्थशास्त्रज्ञांनी 1990 मध्ये सांगितलेली. कारखान्यांत वीज आली तेव्हा मालकांनी वाफेचं इंजिन काढून त्या जागी एक मोठी मोटर बसवली. त्या एका इंजिनाची गती सगळ्या यंत्रांपर्यंत नेणारे छताखालचे दांडे आणि पट्टे तसेच राहिले, यंत्रांची मांडणी तशीच राहिली, आणि फायदा नावालाच झाला. प्रत्येक यंत्राला स्वतःची छोटी मोटर आणि कामाच्या ओघाप्रमाणे मांडणी, हे रुळायला 1920 चं दशक उजाडलं. एडिसन यांचं पहिलं वीज केंद्र 1882 चं.

शिक्षणसंस्थांनी आज नेमकी ती मोठी मोटर बसवली आहे. गृहपाठ तोच, प्रकल्प तोच, गुणांची विभागणी तीच. विद्यार्थी एआयकडून लिहून घेतो, शिक्षक एआयकडून तपासून घेतात, आणि मधल्या मध्ये दोन यंत्रांचं छान चाललंय.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे शिकताना वापरावं की नाही याचं, मला माहीत असलेलं सर्वांत नेमकं उत्तर तुर्कस्तानातल्या एका प्रयोगात आहे. जवळपास हजार शालेय विद्यार्थी, विषय गणित. एका गटाला सराव करताना साधं जीपीटी-4, म्हणजे चॅटजीपीटीमागचं एआय, दिलं, दुसऱ्याला असं रूप दिलं जे उत्तर न देता इशारे देतं, तिसऱ्याला काहीच नाही. सरावात पहिल्या गटाची कामगिरी 48 टक्क्यांनी सुधारली, दुसऱ्याची 127 टक्क्यांनी. मग एआय काढून घेऊन परीक्षा घेतली. पहिला गट काहीच न मिळालेल्यांपेक्षा 17 टक्क्यांनी मागे पडला. दुसऱ्याचं नुकसान जवळजवळ झालं नाही, पण त्या 127 टक्क्यांचा परीक्षेत फायदाही दिसला नाही. आणि पहिल्या गटाला आपण कमी शिकलो याचा पत्ता नव्हता. सोळा अनुभवी प्रोग्रामरचं जे झालं तेच. आपण किती शिकलो किंवा किती वेग आला, याबद्दल एआय हाताशी असताना स्वतःच्या मनाची साक्ष काढू नका.

पदवीबद्दल. अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स यांनी 1973 मध्ये मांडलेला मुद्दा असा की पदवी ही कौशल्याइतकीच एक खूण असते, आणि खूण चालते कारण ती मिळवणं लायक माणसाला सोपं आणि इतरांना जड जातं. एआयनं गृहपाठ आणि प्रकल्प सगळ्यांनाच सारखे सोपे करून टाकले, त्यामुळे त्यांच्या गुणांना खूण म्हणून काही किंमत उरली नाही. पदवी संपली असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. संपले ते हे गुण. म्हणून आता माझ्याकडे प्रकल्पाला गुण नाहीत, त्यावरच्या तोंडी परीक्षेला आहेत. तुमचाच कोड समोर ठेवतो आणि विचारतो: ही ओळ काढली तर काय मोडेल? हे कधी चुकेल? कधीकधी क्रमवार यादीत अर्ध्या-अर्ध्यानं शोधण्याच्या, म्हणजे बायनरी सर्चच्या चार-सहा ओळी देतो. त्यात मधली जागा काढायला दोन टोकं मिळवून दोननं भागलेलं असतं. यादी प्रचंड मोठी असेल तर ती बेरीज 2,147,483,647 च्या, म्हणजे नेहमीच्या पूर्णांकात मावणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येच्या, पुढे जाते आणि ऋण होते. ही चूक जावा भाषेच्या अधिकृत लायब्ररीत, म्हणजे तयार कोडच्या संग्रहात, नऊएक वर्षं बसून होती. 2006 मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी ती जाहीरपणे मांडली, आणि तो कोड लिहिणारेही तेच होते. मुलांना ही गोष्ट सांगितली की त्यांना हायसं वाटतं. सापडली नाही तरी गुण कापत नाही. शोधतात कसे ते बघतो.

तोंडी परीक्षेवरचा खरा आक्षेप वेळेचा आहे. शंभर विद्यार्थी, प्रत्येकी दहा मिनिटं, म्हणजे साडेसोळा तासांहून जास्त, तेही एका विषयाचे. अर्थशास्त्रज्ञ विल्यम बॉमोल यांनी 1960 च्या दशकातच दाखवलं होतं की माणसाचा वेळ हाच ज्याचा कच्चा माल आहे ते काम बाकी जग स्वस्त होत गेलं की तुलनेनं महाग होत जातं. शिक्षण त्यातच मोडतं. एआयमुळे वाचलेले शिक्षकांचे तास या दहा-दहा मिनिटांत घालावेत असं मला वाटतं. प्रत्यक्षात ते तास वाचले की वर्गातली संख्या वाढवली जाते. माझ्यासोबत हेच झालं, मी भांडलो आणि हरलो.

एआय पकडणाऱ्या सॉफ्टवेअरवर मात्र एक पैसाही घालवू नये. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनं स्वतःचं असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै 2023 मध्ये मागे घेतलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली, तेव्हा इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून जास्त निबंध त्यांनी एआयच्या नावावर घातले. निरपराध विद्यार्थ्याला आपण चोर नाही हे सिद्ध करायला लावणारी ही व्यवस्था मला किळसवाणी वाटते.

मग शिकणाऱ्यानं रोज काय करायचं? मी सांगतो ते फार चकचकीत नाही. पहिला प्रयत्न एआयशिवाय, अर्धा तास तरी अडकून राहा. कोड चालवण्याआधी काय बाहेर येईल ते कागदावर लिहा, मग ताडून बघा. एआयकडे उत्तर मागू नका, ‘माझं कुठे चुकतंय ते न सांगता मला प्रश्न विचार’ असं सांगा. ते हे बऱ्यापैकी करतं. त्यानं लिहिलेलं काही आवडलं तर दुसऱ्या दिवशी न बघता पुन्हा लिहा. आणि चालणारी गोष्ट मुद्दाम मोडा. नेटवर्क तोडा, डिस्क भरा, घड्याळ एक तास मागे करा. कंपनी आता तुमच्या चुकांचा खर्च उचलणार नसेल तर त्या चुका घरच्या घरी, खोट्या पैशांवर करून घ्याव्या लागतील. हे अन्यायाचं आहे, मान्य. मी भरतीच्या बैठकीत दर वेळी एका तरी ज्युनिअरसाठी अडून बसतो, आणि कारण म्हणून मानसशास्त्रज्ञ लिझॅन बेनब्रिज यांचा 1983 चा मुद्दा सांगतो: स्वयंचलित यंत्रणांवर आज लक्ष ठेवणारे लोक आधी हातानं काम करून मुरलेले असतात, त्यांच्या कौशल्यावर यंत्रणा तरून जातात, आणि पुढच्या पिढीकडे ते कौशल्य असेल असं धरून चालता येत नाही. त्यांच्यासमोर कारखाने होते. माझं म्हणणं चारातल्या एका बैठकीत पटतं.

तो टाइमआउटवाला मुलगा दोन आठवड्यांनी परत आला. त्यानं एक खोटा सर्व्हर बनवला होता, पैसे वळते करून उत्तर मात्र गिळून टाकणारा. त्यावर आधीचा कोड चालवून त्यानं एकाच व्यवहाराच्या तीन नोंदी मला दाखवल्या. मग एआयकडून आयडेंपोटन्सी कीचा उपाय लिहून घेतला होता, तो चालवला. पुन्हा तीन नोंदी. “मी पण आधी चक्रावलो,” तो म्हणाला, आणि एका ओळीवर बोट ठेवलं. की बनवायची ओळ पुन्हा प्रयत्न करणाऱ्या लूपच्या आत होती. दर खेपेला नवी की बनत होती. ती त्यानं लूपच्या बाहेर काढली होती. मग विचारलं, “पण सर, की बनवल्यावर आपलाच प्रोग्राम बंद पडला तर?”

त्या दिवशी आम्हाला उशीर झाला.